सदाची भिंत

आमच्या धाकट्या बहिणीला, सुलोचनेला, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी मुलगा झाला, ते एकोणीसशे त्रेसष्ट साल. बाळंतपण आमच्याकडे, सांगलीला झालं. बारशाला इचलकरंजीहून तिच्या सासरची माणसं आली होती. पंगत उठली होती, पुढच्या सोप्यात बायका पाळण्याभोवती गाणी म्हणत होत्या आणि मी मागच्या दारी पत्रावळी गोळा करत होते. तेवढ्यात माझी भाची कुमुद येऊन माझ्या शेजारी उकिडवी बसली.

"आत्या, तो निळ्या शर्टातला कोण गं?"

"कुठला?"

"पाळण्याची कडी ज्यानं बसवून दिली तो."

"तो होय? सुलोचनेच्या नणंदेचा मुलगा. दिनकर. मागावर जॉबर आहे."

"जॉबर म्हणजे?"

"बिघडलेला माग दुरुस्त करून चालू करून देणारा. तुला काय करायचंय?"

"मला? काही नाही," ती म्हणाली आणि पत्रावळी उचलायला लागली. उष्ट्याला हात लावायचा ज्या मुलीला कंटाळा, तिनं त्या दिवशी सगळं मागचं दार साफ केलं. मी काय ते ओळखलं.

कुमुद म्हणजे माझ्या पाठच्या भावाची, सदाशिवची, एकुलती एक मुलगी. सदा सांगलीच्या एका शाळेत ड्रॉइंग मास्तर होता. आमचं घराणं सुताराचं. वडिलांनी रंधा धरला, यानं ब्रश धरला. मला लवकर वैधव्य आलं, तेव्हा सदानंच मला घरी आणलं. ना त्यानं कधी मला परकं मानलं, ना त्याच्या बायकोनं, मालननं. घरातली झाडलोट, धुणं, देवाची भांडी माझ्याकडे असायची, आणि पुढच्या सोप्यातली सदाची भिंतही माझ्याकडे असायची.

त्या भिंतीवर पाच चित्रं होती. मोठ्या चित्रकारांच्या गाजलेल्या चित्रांच्या छापील प्रती सदानं कुठून कुठून मिळवल्या होत्या आणि सागवानी चौकटी स्वतःच्या हातानं करून त्यात बसवल्या होत्या. प्रत्येक चित्राखाली चित्रकाराच्या नावाची लाकडी पट्टी, तीही त्यानंच रंगवलेली. रोज सकाळी मऊ फडक्यानं त्यांची धूळ पुसायचं काम माझं. मला अक्षरओळख नव्हती, पण नावं पाठ होती. सदा घरी आलेल्या प्रत्येक माणसाची परीक्षा घ्यायचा ना! दूधवाला असो, पोस्टमन असो, शाळेचा तपासनीस असो. "बोला, हे चित्र कुणाचं?" लोक चुकायचे आणि सदा हसत हसत बरोबर नाव सांगायचा. ऐकून ऐकून ती नावं माझ्या कानात बसली होती. कुमुद लहान असताना तिलाही तो असंच विचारायचा, "बरं, कपाटावरचं कुणाचं? घड्याळाशेजारचं कुणाचं?" आणि ती बोबड्या आवाजात नावं घ्यायची.

कुमुद लग्नाची झाली आणि या परीक्षेतली गंमत गेली. सदानं मनाशी घेतलं की जावई करायचा तर चित्र ओळखणाराच. बँकेतला एक चांगला मुलगा आला होता. त्यानं मोनालिसा बघून विचारलं, "ही कुठल्या सिनेमातली?" सदानं त्याला चहा पाजून वाटेला लावलं. मग बेळगावचा एक आला. तो मुंबईला चित्रकला शिकून आलेला. त्यानं पाचही नावं घडाघडा सांगितली, वर कुठलं चित्र कुठल्या देशात कुणी विकत घेतलं तेही सांगितलं. सदा खूश. दोन दिवस नुसतं बेळगाव बेळगाव चाललेलं. मालननं मुलीला विचारलं तर ती म्हणाली, "आई, त्यानं भिंत बघितली. मला बघितलंच नाही."

"मग काय झालं? नंतर बघेल."

"नंतरसुद्धा भिंतच बघेल."

सदानं ते ऐकलं आणि बेळगावला होकार कळवला नाही. पण नकारही कळवला नाही.

बारशानंतर सुलोचनेनंच दिनकरचं नाव काढलं. "दादा, मुलगा निर्व्यसनी आहे, कमावता आहे. सासू माझीच नणंद. एकदा बघायला काय जातं?"

"बघू की," सदा म्हणाला. "येऊ दे त्याला. भिंतीपुढं उभा राहू दे. पास झाला तर विचार करू. नाहीतर मी बेळगावला होकार देणार. आता आणखी ताणत बसायला मला सवड नाही."

सवड नाही म्हणजे काय, ते आम्ही कुणी विचारलं नाही.

बाळ तीन महिन्यांचं झालं तेव्हा सुलोचनेला सासरी पोचवायला मी निघाले. बाळंतिणीबरोबर माहेरचं माणूस जातं, महिना-पंधरा दिवस राहतं, तशी. निघायच्या आदल्या दिवशी कुमुद माझी वळकटी बांधू लागली.

"आत्या, तू तिथं राहणार आहेस ना?"

"राहणार."

"मग त्याला तेवढी पाच नावं पढव."

"मी? अगं, मला कुठं कळतं त्यातलं!"

"नावं येतात ना तुला?"

"येतात की. वीस वर्षं ऐकतेय."

"मग झालं तर. मी बेळगावला जाऊन त्या माणसाचं बोलणं ऐकत जन्म काढू का?"

अशी मी इचलकरंजीला गेले. सुलोचनेचं घर मागांच्या पेठेत. दिवसभर खडखडाट, जेवतानासुद्धा मोठ्यानं बोलायचं. दिनकर संध्याकाळी पाळी संपवून मामीकडे यायचा, बाळाला मांडीवर घ्यायचा. केसात सुताचे कण, हाताला तेलाचा वास. मी त्याला बाजूला घेऊन कुमुदचा निरोप सांगितला, तर कानापर्यंत लाल झाला.

"मावशी, मी चित्रं कुठं बघितलीत? आमच्या घरी एक देवाचं कॅलेंडर."

"बघायची गरजच नाही. मी सांगते तसं ध्यानात ठेव. सोप्यात शिरलास की दाराशेजारी पहिलं, ते राजा रविवर्म्याचं."

"दाराशेजारी रविवर्मा."

"मग कपाटावर. लिओनार्दो द व्हिंची."

"लिओ... हे एकाच माणसाचं नाव?"

"एकाचंच. खिडकीशेजारी व्हॅन गॉग. शिवणयंत्राच्या वर मिले. आणि घड्याळाशेजारी हळदणकर."

"हळदणकर! आपल्याकडचा माणूस आला बघा शेवटी," तो हसला. "हे बरं झालं मावशी. मागाचं पण असंच असतं. कुठला भाग कुठं, हे एकदा बसलं की डोळे झाकून हात जातो. दार, कपाट, खिडकी, यंत्र, घड्याळ."

रोज तो यायचा आणि मी बाळाला तेल लावता लावता विचारायची, "खिडकी?" तो म्हणायचा, "व्हॅन गॉग." सुलोचना आतून ओरडायची, "अगं आक्का, पोरगं रडायचं थांबलं की तुमच्या नावांनी!"

बघायचा दिवस ठरला. सदानं निरोप धाडला होता, येताना त्यांना बरोबरच घेऊन ये. दिनकरला वडील नव्हते, त्याची आई हौसाबाईच सगळं बघायची. आम्ही तिघं सकाळच्या एसटीनं सांगलीला आलो. वाटेत दिनकर ओठातल्या ओठात नावं म्हणत होता आणि हौसाबाई कुरकुरत होत्या.

"आमी पोरगी बघायला चाललोय, का पोरगा दाखवायला? उलटाच कारभार."

"अहो, माझ्या भावाची हौस आहे ती."

"हौस! उद्या हा पास झाला की मला पण उभी करतील, सांगा विहीणबाई, हे कुणी रंगवलं."

घरात पाऊल टाकलं आणि चुन्याचा ओला वास आला. पाहुणे यायचे म्हणून सोप्याला सफेदी केली होती. भिंत लख्ख पांढरी. आणि तिच्यावरची चित्रं जागच्या जागी नव्हती.

दाराशेजारी होतं ते आता शिवणयंत्रावर होतं. घड्याळाशेजारची बाई खिडकीकडे आली होती. एकही चौकट आपल्या खिळ्यावर नव्हती. परीक्षा म्हणून खालच्या नावाच्या पट्ट्याही सदानं काढून ठेवल्या होत्या. मी तिथंच उंबऱ्यात थबकले. मनात म्हटलं, हरकत नाही, कुठलं चित्र कुणाचं ते आठवू आणि खुणेनं दिनकरला सांगू. म्हणून मी दाराशेजारच्या नव्या चित्राकडे बघितलं. तीन बायका वाकून कापलेल्या शेतातला सरवा, खाली पडलेली कणसं, वेचतायत. हे कुणाचं? मला येईना. खिडकीशेजारी हातात दिवा धरलेली बाई. हिचं? तेही येईना. वीस वर्षं रोज मी त्या काचा पुसत आले होते, आणि मला फक्त दार, कपाट, खिडकी, यंत्र, घड्याळ एवढंच येत होतं.

"आक्का, अशी काय उभी? ये की आत," सदा म्हणाला.

पोहे आले, चहा आला. कुमुद ट्रे ठेवून आईजवळ बसली. मी तिच्याकडे बघून डोळ्यांनी भिंत दाखवली, तर तिनं उलट मलाच धीर दिल्यासारखी मान हलवली. चित्रं हलवली होती हे तिला ठाऊकच होतं. पण मी चित्रं शिकवली नाहीत, जागा शिकवल्या, हे तिला कुठून कळणार?

सदा खुर्चीतून उठला. "दिनकरराव, चला. घाबरू नका. हे पहिलं?"

दिनकरनं दाराशेजारी बघितलं. सरवा वेचणाऱ्या बायका. छाती काढून म्हणाला, "राजा रविवर्मा."

सदाच्या कपाळाला आठी पडली. "बरं. हे?"

कपाटावर पिवळीधमक सूर्यफुलं. "लिओनार्दो द व्हिंची."

कुमुदनं मान वर केली. हौसाबाई कौतुकानं मुलाकडे बघत होत्या. एवढं अवघड नाव पोरानं न अडखळता घेतलं होतं.

"आणि हे?"

"व्हॅन गॉग," दिव्याच्या बाईकडे बघून दिनकर म्हणाला. पण आता त्याचा आवाज तेवढा चढा नव्हता. त्या बाईच्या अंगावर आपल्याकडचं लुगडं होतं.

सदा शिवणयंत्राकडे सरकला. तिथं दमयंती होती, हंसाशी बोलणारी, भरजरी लुगड्यातली, कठड्याशी उभी. दिनकर तिच्याकडे बघत राहिला. किती तरी वेळ बघत राहिला. हौसाबाईंनी कोपरानं ढोसलं, "सांग की रं!"

"सर, मला इथं मिले म्हणायचं होतं," तो हळूच म्हणाला.

"म्हणायचं होतं म्हणजे?"

"म्हणजे तसं मी पाठ केलंय. पण ही बाई बाहेरच्या माणसानं काढलेली नाही, सर. काठ बघा हिच्या लुगड्याचा. निऱ्या कशा पडल्यात बघा. ज्यानं आपल्या घरात रोज हे बघितलंय, त्यानंच काढलंय हे. मिले कोण मला ठाऊक नाही, पण त्यानं नाही. आणि ती दिव्याची बाई पण माझी चुकली. पाचवं मी सांगत नाही. सगळंच चुकलंय माझं."

मालन पदरानं तोंड पुसायला लागली. कुमुदचे डोळे भरले.

सदानं एकदा भिंतीवरून नजर फिरवली. मास्तर माणूस. शेजाऱ्याचा पेपर बघून लिहिलेली, एक ओळ खाली सरकलेली उत्तरं त्यानं वर्गात किती बघितली असतील. तो दाराशी गेला, कपाटाशी गेला, बोटानं हवेत काहीतरी जुळवत राहिला.

"उत्तरं बरोबर आहेत," तो म्हणाला. "भिंत चुकलीय. ही सफेदीच्या आधीची भिंत आहे. कुणी शिकवलं तुम्हाला?"

"माझं मीच पाठ केलं."

"तुम्ही बारशाला आलात तेव्हा इथं पाळणा होता, माणसं होती. भिंत कुठं दिसली तुम्हाला?"

सदा माझ्याकडे वळला. "आक्का, ती दिव्याची बाई कुणाची?"

"घड्याळाशेजारची?"

"आता खिडकीशेजारी आहे."

"मग व्हॅन गॉग," मी म्हटलं. तोंडातून तसंच आलं.

कुणीच हसलं नाही. हौसाबाईंना काही उमगलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "मास्तर, पास का नापास, तेवढं सांगा. परतीची गाडी गाठायची आम्हाला."

तेव्हा कुमुद उठून उभी राहिली. पाहुण्यांसमोर बोलायची तिची ती पहिलीच वेळ. "बाबा, हे नापास तर आत्याही नापास. ती तर याच घरात राहते. तिला तुम्ही काय करणार?"

सदा तिच्याकडून माझ्याकडे वळला. मला म्हणाला, "आक्का, जरा आत ये."

स्वयंपाकघरात मी चुलीपाशी टेकले. मला वाटलं, आता बोलेल मला. तो पाटावर बसला, चष्मा काढला, डोळे चोळले.

"मी चित्रं का हलवली, तुला सांगतो. मालनला ठाऊक नाही अजून, कुमुदला तर नाहीच. दिवाळीपासून मला सूर्यफुलं पिवळी दिसत नाहीत. राखेसारखी दिसतात. मिरजेच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, डोळ्यामागची नस सुकत चाललीय. उपाय नाही. जी चित्रं अंधारात होती ती उजेडाकडे आणून बघितली. काही उपयोग नाही."

मी त्याचा हात धरला.

"म्हणून घाई करत होतो. म्हटलं, घरात एक माणूस असा यावा की माझे डोळे गेल्यावर त्यानं भिंतीसमोर उभं राहून मला सांगावं, काय दिसतंय. बेळगावच्याला सगळं येतं. पण तो बघत नाही, आक्का. त्या दिवशी मला वाटलं, नावं येतात म्हणजे बघता येतं. आज हा पाठ केलेलं म्हणता म्हणता थांबला. बघून थांबला."

"मग?"

"मग काय? मी त्याला पास करणार होतो, तेवढ्यात कुमुद बोलली." तो हसला, आणि हसता हसता गंभीर झाला. "आणि तुला मी वीस वर्षं नुसतं फडकं दिलं. गावाला विचारत बसलो, कुणाचं, कुणाचं. तुला एकदाही म्हटलं नाही, बस, बघ."

"मला काय करायचं होतं रे बघून?"

"ते मी ठरवायला नको होतं."

आम्ही बाहेर आलो. सदा हौसाबाईंसमोर हात जोडून उभा राहिला. "आमची मुलगी पसंत असेल तर आमच्याकडून होकार आहे. परीक्षा मात्र पुन्हा घेणार."

"पुन्हा?" हौसाबाईंचा आवाज चढला.

"आधी शिकवणार. मग घेणार. आणि आक्कालाही बसवणार त्याच्याबरोबर."

"देतो सर," दिनकर म्हणाला. "पण भिंत हलवू नका म्हणजे झालं." तेव्हा कुठं सगळे हसले, कुमुद सगळ्यात जास्त.

लग्न वैशाखात झालं. त्याआधी दिनकर रविवारी यायचा आणि सदा आम्हा दोघांना चटईवर शेजारी बसवायचा. नावाच्या पट्ट्या आमच्यापुढे ठेवायचा. र रविवर्म्याचा, ह हळदणकरांचा, अशी अक्षरं मी त्या पट्ट्यांवरून शिकले. तोपर्यंत माझे केस पिकायला लागले होते. दिनकर कधी माझ्यापुढे जायचा, कधी मागे राहायचा. सदा मारकुटा मास्तर नव्हता, पण पाठ म्हणून दाखवलं की चिडायचा. "आधी बघ. काय करतायत त्या बायका? कणसं कुणाची आहेत? ज्याचं शेत त्याची रास कुठं आहे? ती बघ, लांब मागे. आता सांग." आणि मी सांगायची.

पुढं त्याचे डोळे गेले. एकदम नाही, सावकाश. शाळा सोडली तेव्हा खडूची रेघ तरी दिसायची, मग तीही दिसेना. चित्रं कुठं आहेत ते त्याला जागांवरून ठाऊक होतं. हात पुढं करून तो बरोबर चौकटीला लावायचा आणि विचारायचा, "आज काय दिसतंय?" दिनकर आला असला की दिनकर सांगायचा, एरवी मी सांगायची. एकदा मी म्हटलं, दिव्याच्या बाईनं ज्योतीवर हात धरलाय, त्या बोटांमधून उजेड तांबडा दिसतोय. तर तो म्हणाला, "हे मला कधी दिसलं नव्हतं." खरंच दिसलं नव्हतं की माझं मन राखलं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

सदाशिव माझा पाठचा भाऊ. एकोणीसशे एकोणऐंशीच्या माघ महिन्यात, सकाळच्या वेळी, तो सांगलीच्या घरी वारला. दिनकर आणि कुमुद जवळ होते. मीही होते.